रात्रीचे अकरा एकवीस

सहा वर्षं आठ महिने आधी

जुलै २०१८. पश्चिम लंडनमधल्या हेझ या उपनगरात नॉर्थ हाइड नावाचं सबस्टेशन आहे. राष्ट्रीय ग्रिडची २,७५,००० व्होल्टची वीज इथे येते, तिचा दाब कमी केला जातो आणि ती आसपासच्या वस्त्यांना, रेल्वेला, हिलिंग्डनच्या रुग्णालयाला आणि जवळच्याच हीथ्रो विमानतळाला जाते. त्या महिन्यात तिथल्या तीन नंबरच्या ट्रान्सफॉर्मरच्या एका बुशिंगमधलं तेल तपासलं गेलं. जाड वीजवाहिनी ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी टाकीत शिरते, तिथे तिला टाकीपासून अलग ठेवणारा जो उंच इन्सुलेटर असतो, तो म्हणजे बुशिंग. त्यात ओल शिरली की विजेला नको त्या जागी वाट सापडते, ठिणगी पडते, आणि भोवती असतं ते तेल.

तपासणीत ओलाव्याचं प्रमाण जास्त निघालं. ग्रिड चालवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्याच नियमावलीप्रमाणे असा आकडा आला की बिघाड तोंडाशी आला आहे असं समजायचं आणि बुशिंग बदलायचं. ते बदललं नाही. २०२२ साली त्या ट्रान्सफॉर्मरची नेहमीची देखभालसुद्धा पुढे ढकलली गेली.

हे आम्हाला कळलं २ जुलै २०२५ ला, ब्रिटनच्या वीजयंत्रणेचा कारभार पाहणाऱ्या ‘नेसो’ या संस्थेचा अहवाल आला तेव्हा. म्हणजे सगळं होऊन गेल्यावर. मी घड्याळ लावते ते मुद्दाम २०१८ पासून, कारण २० मार्च २०२५ च्या रात्री या सबस्टेशनला आग लागली आणि हीथ्रो बंद पडला, तेव्हाच्या बातम्यांमध्ये हा प्रकार आभाळातून कोसळल्यासारखा सांगितला गेला. तो तसा कोसळला नव्हता. कुठेतरी एका फाइलीत तो लिहून ठेवलेला होता, आणि ज्यांना ती फाइल वाचता येत होती त्यांनी ती बाजूला ठेवली होती.

पाच आठवडे आधी

फेब्रुवारी २०२५. हीथ्रोवरून उडणाऱ्या विमान कंपन्यांची एक समिती आहे. तिचे प्रमुख नायजेल विकिंग यांनी पुढे संसदेच्या वाहतूक समितीसमोर सांगितलं की १५ आणि २५ फेब्रुवारीला त्यांनी विमानतळाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे वीजपुरवठ्याबद्दल काळजी बोलून दाखवली होती. निमित्त होतं केबलचोरीचं. त्या चोरीमुळे एका धावपट्टीचे दिवे काही काळ गेले होते.

हीथ्रोचा पसारा किती, हे इथे सांगायला हवं. २०२४ मध्ये या विमानतळावरून आठ कोटी एकोणचाळीस लाख प्रवासी आले-गेले. धावपट्ट्या मात्र दोनच. वर्षाला ४,८०,००० उड्डाणांची मर्यादा आहे आणि ती जवळजवळ पूर्ण वापरली जाते, म्हणजे रोजची सरासरी तेराशेच्या आसपास. मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. एक दिवस बुडाला तर तो भरून काढायला दुसरा मोकळा दिवस कॅलेंडरमध्ये नसतो. इथून तिकीट काढताना हे कुणी सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही. मुंबईला थेट विमान आहे एवढं दिसलं की आपण पैसे भरतो.

पाच तास आधी

गुरुवार, २० मार्च, संध्याकाळचे सहा. हेझमधल्या आमच्या घरात मावशीची बॅग भरणं चालू आहे. शुक्रवारी सकाळी साडेनऊचं विमान, पहाटे साडेपाचला घरातून निघायचं. मावशी सांगलीची. तीन महिने आमच्याकडे होती. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी, २४ तारखेला ठरलंय, आणि त्यानंतरच्या रविवारी, ३० मार्चला, पाडवा. ऑपरेशनला आपण हजर असायचं आणि गुढी आपल्या हातची उभारायची, एवढ्या दोन गोष्टींवर तिने परतीची तारीख धरली होती.

पासपोर्ट, बोर्डिंग पासची छापील प्रत आणि व्हीलचेअरच्या नोंदणीचा कागद एका पारदर्शक पाकिटात घालून ते तिने पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी समोर धरून तिने बोटाने मोजलं. शुक्रवार संध्याकाळपर्यंतच्या गोळ्या होत्या. “तिकडे पोचल्यावर नवीन आणता येतील,” म्हणाली. तिचं गणित चोख होतं. विमान उडणार हे त्यात धरलेलं होतं.

परदेशी राहणाऱ्याचं सगळं घरच या एका गृहीतावर उभं असतं. इथल्या गोऱ्या शेजाऱ्याच्या दृष्टीने विमान म्हणजे स्पेनची सुट्टी. आमच्या दृष्टीने ते सांगली आणि हेझ यांच्यामधला जिना आहे. त्यावरून आई येते, बाळंतपणाला सासू येते, आणि कधीतरी मध्यरात्री फोन आल्यावर आम्हीच हातात सापडेल ते घेऊन खाली धावतो.

रात्री ११:२१

मुंबईत तेव्हा शुक्रवारची पहाट, चार वाजून एक्कावन्न मिनिटं. ब्रिटनची उन्हाळी वेळ अजून सुरू झालेली नव्हती, त्यामुळे फरक साडेपाच तासांचा.

नॉर्थ हाइडच्या तीन नंबरच्या ट्रान्सफॉर्मरमधलं बुशिंग फुटलं. आधी दणका ऐकू आला, मग घरातले दिवे एकदा मंद होऊन पुन्हा लागले. मी खिडकीशी गेले. घरांच्या छपरांवरून नारिंगी उजेड वर चढत होता आणि त्यात धूर. ११:२३ ला अग्निशमन दलाला पहिला फोन गेला. दहा गाड्या आणि सुमारे सत्तर जवान आले. ट्रान्सफॉर्मरमध्ये थंडाव्यासाठी भरलेलं पंचवीस हजार लिटर तेल होतं आणि ते पेटलं होतं.

तेलाची आग पाण्याचा पाइप मारून विझत नाही. शिवाय भोवती जिवंत वीज असल्यामुळे आधी ती तोडल्याची खात्री करावी लागते. जवान ज्या उष्णतेत आणि ज्या धोक्यात उभे होते, त्यांच्याबद्दल माझ्या मनात फक्त कृतज्ञता आहे. दोनशे मीटरच्या परिसरातली घरं रिकामी केली, दीडशेच्या आसपास माणसं रात्रीच्या कपड्यांत बाहेर पडली.

रात्री ११:४९

जळत्या ट्रान्सफॉर्मरच्या शेजारचा दुसराही बंद पडला. आमच्या घरातले दिवे या वेळी गेले ते गेलेच. नॉर्थ हाइडवर चालणारी सदुसष्ट हजारांच्या आसपास घरं-दुकानं अंधारात गेली, आणि त्यांच्याबरोबर हीथ्रोचा मोठा भाग.

मावशी अंधारात भिंतीला धरून बाहेर आली. टॉर्चच्या उजेडात मी तिला म्हटलं, “सबस्टेशनला आग लागलीय गं. विमानतळाची वीज गेली म्हणतायत.”

“विमानतळाची?” ती म्हणाली. “आणि जनरेटर?”

वर्षानुवर्षं लोडशेडिंग काढलेल्या बाईचा हा पहिलाच प्रश्न होता, आणि पुढचे कित्येक दिवस ब्रिटनच्या संसदेत, वर्तमानपत्रांत, टीव्हीवर तोच विचारला गेला. उत्तर असं: जनरेटर होते आणि ते चालूही झाले. पण ते बसवले आहेत हवेतलं विमान सुखरूप उतरवण्यासाठी आणि इमारतीतली माणसं बाहेर काढण्यासाठी. धावपट्टीचे दिवे, नियंत्रण मनोरा, संकटकाळची यंत्रणा एवढंच त्यांच्यावर चालतं. एखाद्या छोट्या शहराएवढी वीज खाणारा विमानतळ जनरेटरवर चालवायची सोय कुणी केलेली नव्हती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट नंतर कळली. हीथ्रोला वीज येण्याच्या वाटा तीन आहेत. एक जळली, दोन शाबूत होत्या. नॅशनल ग्रिडचे तेव्हाचे प्रमुख जॉन पेटिग्रू यांनी सांगितलं की उरलेली सबस्टेशनं विमानतळाला पुरेल एवढी वीज देऊ शकत होती. पण विमानतळाच्या आतलं जाळं असं आखलेलं होतं की एका वाटेवरचा भार दुसऱ्या वाटेवर घ्यायचा तर माणसांनी जागोजागी जाऊन जोडण्या बदलायच्या, एकेक यंत्रणा सावकाश सुरू करायची आणि तपासायची. सामानाचे पट्टे, आगीची सूचना देणारी यंत्रणा, सरकते जिने, पासपोर्टची दारं, असं सगळं. त्याला दहा-बारा तास लागणार होते. वीज दारात उभी होती आणि तिला आत घ्यायला अर्धा दिवस लागणार होता.

मध्यरात्र ते दोन

विमानतळाच्या अधिकाऱ्यांच्या फोनवर संकटाची सूचना गेली. मुख्य अधिकारी थॉमस वोल्डबाय झोपलेले होते. त्यांचा फोन त्यांच्या नकळत सायलेंटवर गेला होता. ते उठले पावणेसातला. मधल्या काळात निर्णय घेतले कामकाजाचे प्रमुख हाव्हिएर एचावे यांनी, आणि मुख्य निर्णय हाच होता: शुक्रवारी रात्री ११:५९ पर्यंत हीथ्रो पूर्ण बंद.

माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. माजी वाहतूकमंत्री रूथ केली यांच्या चौकशीतही तसंच म्हटलंय. त्या तेव्हा विमानतळाच्याच संचालक मंडळावर होत्या हे लक्षात ठेवूनही मला ते पटतं. आगीची सूचना मिळेल की नाही याची खात्री नसलेल्या इमारतीत कुणाच्याही मावशीला मी पाठवणार नाही. माझी तक्रार पुढची आहे. हा निर्णय झाला त्या क्षणी ज्यांचं पुढचं सगळं कोलमडणार होतं, त्यांच्यापर्यंत तो कोणी, कधी आणि कोणत्या भाषेत पोचवला?

आमच्या बाबतीत सांगते. विमानतळाने ‘प्रवास करू नका’ असं जाहीर केलं ते समाजमाध्यमावर. विमान कंपनीच्या ॲपवर मावशीचं उड्डाण रात्री एकला ‘वेळेवर’ होतं. तीनलाही ‘वेळेवर’. मी फोन लावला तर संगीत वाजत राहिलं. कंपनीचा पहिला संदेश आला तेव्हा उजाडलं होतं. माझ्या हातात स्मार्टफोन होता, इंग्रजी येत होतं, खिडकीतून आग दिसत होती. लेस्टरहून किंवा कार्डिफहून रात्रीच्या बसने हीथ्रोला निघालेल्या एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याजवळ यातलं काय होतं?

पहाटे साडेचारच्या सुमारास

हीथ्रोवर रात्रीच्या उड्डाणांना कडक मर्यादा आहे, त्यामुळे मध्यरात्री टर्मिनल बरीचशी रिकामी असतात. आग दुपारी लागली असती तर आत हजारो माणसं अंधारात अडकली असती. पण याच वेळेला हवेत वेगळी गर्दी असते. आशियातून, आफ्रिकेतून, अमेरिकेतून निघालेली विमानं पहाटे पावणेपाचपासून एकामागून एक हीथ्रोवर उतरायची असतात. बंदची घोषणा झाली तेव्हा अशी सुमारे १२० विमानं आकाशात होती.

त्यातलं एक मुंबईहून निघालेलं, एअर इंडियाचं एआय १२९. ते अर्ध्यातून परत मुंबईला वळलं. दिल्लीहून निघालेलं एआय १६१ फ्रँकफर्टला गेलं. क्वांटासची सिंगापूर आणि पर्थहून येणारी विमानं पॅरिसला उतरली आणि तिथून प्रवाशांना बसने लंडनला आणलं. बाकीची शॅनन, ॲम्स्टरडॅम, गॅटविक, जिथे जागा मिळाली तिथे.

मुंबईचं विमान मागे का फिरवलं, असं त्या दिवशी बऱ्याच लोकांनी मला विचारलं. पुढेच का नाही नेलं, युरोपात कुठेही उतरवायचं? त्यामागे हिशेब असतो. युरोपातले जवळचे विमानतळ त्या पहाटे भरत चालले होते. वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा असते. अनोळखी विमानतळावर ते तास संपले की विमान तिथेच अडकतं. मुंबईत कंपनीची माणसं आहेत, बदली वैमानिक आहेत, प्रवाशांची घरं आहेत. निर्णय समजण्यासारखा आहे. पण लंडनला नोकरीवर, परीक्षेला, लेकीच्या बाळंतपणाला निघालेला माणूस कित्येक तासांनी पुन्हा मुंबईच्या सहार विमानतळावरच उतरतो तेव्हा त्याच्या पोटात काय होत असेल, त्याचा हिशेब कुठल्याच तक्त्यात नसतो.

आणि फ्रँकफर्टला उतरलेल्यांचं काय? इथे भारतीय पासपोर्टचा प्रश्न येतो. ब्रिटनचा व्हिसा जर्मनीत चालत नाही. शेंगेन व्हिसा नसेल तर विमानतळाबाहेर पाऊल टाकता येत नाही. हॉटेल समोर दिसत असलं तरी ते सीमेपलीकडे असतं. त्याच विमानातला ब्रिटिश पासपोर्टवाला शेजारी बाहेर पडून रेल्वेने निघू शकतो. पॅरिसहून बस मिळाली हे ऐकायला छान वाटतं. पण त्या बसपर्यंत पोचायला आधी फ्रान्समध्ये शिरता यावं लागतं. परदेशी विमानतळावरची आमची खरी धास्ती हीच आहे: विमान भलतीकडे उतरलं की एका विमानातली माणसं दारापाशी वेगवेगळ्या रांगांत जातात, आणि आमची रांग हलत नाही.

या धास्तीला आधार आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईहून बहरीनमार्गे मँचेस्टरला निघालेले भारतीय प्रवासी कुवेतला अडकले होते. बाकीच्या काही देशांच्या नागरिकांना तिथे उतरल्यावर व्हिसा मिळाला, भारतीयांना नाही. भारतीय दूतावासाला मध्ये पडावं लागलं. आणि हीथ्रोच्या आगीनंतर दोनच आठवड्यांनी, २ एप्रिलला, लंडनहून मुंबईला निघालेलं एक विमान प्रवाशाची प्रकृती बिघडल्यामुळे तुर्कस्तानात दियारबकीरला उतरलं, तिथे त्यात बिघाड निघाला, आणि अडीचशेच्या वर माणसं, बहुतेक भारतीय, चाळीस तास अडकून पडली. लहान मुलं होती, म्हातारी माणसं होती. त्यांचे इकडचे नातेवाईक फोनवर रडत होते, ते आमच्याच ओळखीपाळखीतले होते.

सकाळी सहा

आमच्या घरात वीज आली. वेगळ्या वाटेने भार फिरवून वीज कंपनीने सहा वाजेपर्यंत बासष्ट हजार ग्राहकांचा पुरवठा परत सुरू केला होता. मावशीने चहा टाकला. विमानतळ मात्र तसाच बंद.

लंडनमधल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोवर शंभरावर संदेश साचले होते. एकाचे वडील रात्री गेले होते. त्याला कोल्हापूर गाठायचं होतं. “अंत्यसंस्कार थांबवू म्हणतायत, पण किती वेळ थांबवणार? मँचेस्टर किंवा बर्मिंगहॅमहून काही मिळेल का?” कुणी दुबईमार्गे तिकीट शोधत होतं, कुणी गॅटविकहून गोव्यातल्या मोपाला त्या दिवशी विमान आहे का बघत होतं, तिथून कोल्हापूर जवळ पडतं. एका डॉक्टर बाईने त्याला घरून उचलून बर्मिंगहॅमला सोडायची तयारी दाखवली. त्याला शेवटी दोहामार्गे जागा मिळाली. वेळेत पोचला की नाही, हे विचारायचं धाडस ग्रुपवर कुणाला झालं नाही.

सकाळी आठ ते अकरा

आठच्या सुमारास आग आटोक्यात आली. दहशतवादविरोधी पोलीस तपासाला आले, पण घातपाताचा काही पुरावा मिळाला नाही. अकराच्या आसपास विमानतळाच्या सगळ्या टर्मिनलमध्ये वीज परत आली होती. विकिंग यांचं म्हणणं, पाच नंबरचं टर्मिनल सकाळी दहालाही विमानं घ्यायला तयार होऊ शकलं असतं. विमानतळाचं म्हणणं, इतक्या लवकर उघडणं सुरक्षित नव्हतं. हा वाद तज्ज्ञांनी निकालात काढावा. मी त्यात कुणाची बाजू घेत नाही.

मला बोलायचंय ते त्याच तासांत फोनच्या पडद्यावर काय चाललं होतं त्याबद्दल. मावशीचं उड्डाण रद्द झाल्याचा संदेश आला आणि खाली मोठं निळं बटण: पैसे परत घ्या. बोट तिकडे जातंच. पण ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे, ज्याला इथले लोक ‘यूके २६१’ म्हणतात, ब्रिटनमधून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या प्रवाशाला उड्डाण रद्द झाल्यावर पर्याय असतो: पैसे परत घ्या, किंवा आम्हाला आमच्या ठिकाणी पोचवा, गरज पडली तर दुसऱ्या कंपनीच्या विमानाने. आणि पोचेपर्यंत जेवणखाण, मुक्काम कंपनीच्या खर्चाने. कारण आग असो, वादळ असो, ही जबाबदारी सुटत नाही. ‘असाधारण परिस्थिती’ असेल तर फक्त वरची रोख भरपाई मिळत नाही. पण एकदा का ते निळं बटण दाबलं की कंपनी मोकळी. मग आदल्या दिवशी चारशे पौंडांचं असलेलं तिकीट आज नऊशेला घ्या, तुमचं तुम्ही.

पडद्यावर यातलं काही लिहिलेलं नव्हतं. फोनवर अखेर जी मुलगी आली तिने विचारलं, “पैसे परत हवेत ना?” मी म्हटलं, नको, मावशीला मुंबईला पोचवा. तिने मंगळवारची तारीख दिली. मी म्हटलं, सोमवारी तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन आहे, दुसऱ्या कंपनीचं बघा. ती म्हणाली, तशी सोय तिच्याकडे नाही. तिचाही नाइलाज होता हे तिच्या आवाजावरून कळत होतं. तिला जो पडदा दिला होता त्यावर तेवढंच होतं. दोष तो पडदा आखणाऱ्यांचा. आणि तो मी माफ करणार नाही, कारण संकटाच्या दिवशी माणसाला त्याचा हक्क न सांगणं हे त्याच्या खिशातून पैसे काढून घेण्यासारखंच आहे.

मुंबईहून इकडे येणाऱ्यांची गत याहून वेगळी. भारतीय कंपनीच्या विमानाने ब्रिटनला येत असाल तर हा ब्रिटिश कायदा तुम्हाला लागू नाही. तिथे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम. म्हणजे त्याच मार्गावर, त्याच आगीमुळे अडकलेल्या दोन माणसांचे हक्क त्यांची दिशा आणि विमानाचा मालक यांवरून ठरतात. परतीचं तिकीट काढतानाच हे पाहून ठेवा, आणि औषधं कधीही मोजून आणू देऊ नका.

औषधांचं आम्हाला त्या दिवशी दुपारी निस्तरावं लागलं. मावशी इथे पाहुणी, तिचा डॉक्टर सांगलीत. मी ती रिकामी होत आलेली पट्टी आणि सांगलीच्या डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो घेऊन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. गुजराती फार्मासिस्टने पट्टीवरचं नाव दोनदा वाचलं, मावशीला फोनवर वय आणि त्रास विचारला, आणि थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या. सकाळपासून आमची अडचण पूर्ण ऐकून घेणारा तो पहिला माणूस.

संध्याकाळी सहा

हीथ्रोवर पहिली विमानं उतरली. रात्रीच्या उड्डाणांवरचे निर्बंध सरकारने तात्पुरते उठवले. शनिवारी विमानतळाने पूर्ण कामकाज सुरू झाल्याचं सांगितलं आणि वेळापत्रकात पन्नास जादा उड्डाणांची, म्हणजे दहा हजार प्रवाशांची, जागा काढली. ज्यांचा प्रवास उधळला गेला होता ते होते दोन लाखांवर, आणि उड्डाणं १,३०० हून जास्त. विमानं भलत्या देशांत, वैमानिक भलत्या शहरांत, बॅगा तिसरीकडे.

काकांनी फोनवर सांगितलं, “तू घाई करू नकोस. ऑपरेशन पुढे ढकलतो मी.” मावशी त्यांना रागावली: “ढकलायचं नाही काही. वन्संना बोलवून घ्या. अन् थेंब वेळेवर घालायचे, मी फोन करून विचारणार.” फोन ठेवल्यावर ती बराच वेळ भरलेल्या बॅगेजवळ बसून राहिली. मग तिने बॅग उघडून एक साडी बाहेर काढली.

नंतर

ऑपरेशन सोमवारी झालं, मावशीशिवाय. ती मंगळवारी निघाली. विमानतळावर व्हीलचेअरसाठी तिला रांगेत बसवलं आणि विमानाचं दार बंद व्हायला थोडाच वेळ असताना एकजण धावत घ्यायला आला.

ग्रिडच्या कंपनीवर वीज नियामक ऑफजेमने जुलैमध्ये रीतसर चौकशी सुरू केली. ऊर्जामंत्री एड मिलिबँड यांनी नेसोचा अहवाल अत्यंत चिंताजनक असल्याचं म्हटलं. विमानतळाच्या प्रमुखांनी संसदेत माफी मागितली. चार दिवसांचं जेवणखाण आणि टॅक्सी यांच्या पावत्या मी विमान कंपनीला पाठवल्या. रोख भरपाई मी मागितलीच नव्हती, तरी उत्तरात आधी तीच नाकारली होती. कारण लिहिलं होतं, घटना टाळता येण्याजोगी नव्हती. मी पत्रासोबत नेसोच्या अहवालाचं जुलै २०१८ चं पान जोडलं, ज्या खर्चाचा हक्क आहे तेवढ्याच खर्चाखाली रेघ ओढली, आणि पत्र पुन्हा पाठवलं.